‘माहीत नाही’ आणि ‘विचारलं नाही’

माझ्या तोंडात एक वाक्य कायम असतं: ‘डेटा अव्हेलेबल नाही.’ मी डेटा इंजिनिअर आहे. दोन वेगवेगळ्या याद्यांमधला माणूस एकच आहे की दोन, हे ठरवणारा कोड लिहिणं हे माझं काम. एका यादीत ‘सुनील पाटील’, दुसरीत ‘एस. आर. पाटील’, जन्मतारखेत एका दिवसाचा फरक. जोडायचे की नाही? जोडता आले नाहीत की आम्ही वरचं वाक्य म्हणतो आणि मीटिंग संपते. त्यात कुणाचाच दोष नसतो. यंदा पाऊस पडला नाही म्हणतात, तसा डेटा आला नाही.

हे वाक्य निदान एका ठिकाणी तरी धडधडीत खोटं आहे. ते मला अमेरिकेत एका बाईंच्या खापरपणजोबाला शोधताना कळलं.

मावशींचा लोहार

तीन वर्षांपूर्वी कंपनीनं मला आठ महिन्यांसाठी अटलांटाला पाठवलं. टीममध्ये एक सीनियर टेस्टर होत्या, माझ्या आईपेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या. तिकडे मी त्यांना नावानंच हाक मारायचो. मराठीत लिहिताना ते जड जातं, म्हणून इथे मावशी म्हणतो. मावशी कृष्णवर्णीय, पिढ्यान्‌पिढ्या जॉर्जियातल्या. घराण्याचा इतिहास शोधून देणाऱ्या एका वेबसाइटचं सबस्क्रिप्शन त्या कैक वर्षं भरत होत्या. एका शुक्रवारी त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. “तू याचंच काम करतोस ना? बघ, माझा खापरपणजोबा सापडला.”

१८७० च्या जनगणनेत त्यांचा खापरपणजोबा होता: शेतमजूर, वय चाळीस, बायको, पाच मुलं. त्याच्या मागे साइटनं एक ‘हिंट’ दिली होती. १८६० च्या जनगणनेत त्याच नावाचा, तिशीतला, स्वतंत्र कृष्णवर्णीय लोहार. शेजारी हिरवं बटण: स्वीकारा. मावशींनी स्वीकारलं होतं. त्यांच्यासारख्याच जवळजवळ चाळीस जणांनी हाच लोहार आपापल्या वंशवृक्षावर चिकटवला होता.

मला ते खटकलं. कारण साधं गणित होतं. १८६० साली जॉर्जियात गुलाम होते सुमारे ४ लाख ६२ हजार आणि स्वतंत्र कृष्णवर्णीय सुमारे ३,५००. म्हणजे त्या राज्यातला कुठलाही कृष्णवर्णीय माणूस उचला, तो १८६० मध्ये स्वतंत्र असण्याची शक्यता शंभरात एकसुद्धा नाही. फक्त नाव आणि वय जुळलं म्हणून त्याला लोहार ठरवणारा कोड माझ्या ज्युनियरनं लिहिला असता, तर मी त्याला परत पाठवला असता. तासाभरात पुरावाही मिळाला. तो लोहार १८७० मध्येसुद्धा आपल्या मूळ काउंटीत, आपल्या बायकोसोबत राहत होता. माणसं दोन होती.

मी विजयी चेहऱ्यानं हे मावशींना दाखवलं. त्या थोडा वेळ स्क्रीनकडे बघत राहिल्या. “काल माझ्याकडे एक आजोबा होता,” त्या म्हणाल्या, “तो तू घेऊन गेलास.” हसून म्हणाल्या, पण मला हसता येईना. मग मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं: १८७० च्या आधीचा डेटा अव्हेलेबल नाही.

“नाही,” मावशींनी विचारलं, “की ठेवला नाही?”

रकाना कुणी खोडला

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते, १७९० पासून. पहिली पन्नास वर्षं फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, बाकीच्यांची नुसती मोजदाद. १८५० मध्ये मोठा बदल झाला: घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव, वय, जन्मस्थळ लिहायचं ठरलं. १८८० पासून कुटुंबप्रमुखाशी नातंही आलं. आज एखाद्या गोऱ्या अमेरिकन माणसाला आपला खापरपणजोबा ओहायोत कुठल्या गावी होता, त्याच्या बहिणी किती, हे सोफ्यावर बसून मिळतं ते या तक्त्यांमुळे. त्यालाही अडचणी येतात. १८९० च्या जनगणनेच्या कागदांचं १९२१ साली वॉशिंग्टनच्या आगीत मोठं नुकसान झालं. नावांची स्पेलिंगं धड नसतात. त्यासाठी ‘साउंडेक्स’ नावाची पद्धत निघाली, तिचं पेटंट १९१८ चं. उच्चारावरून नावाला एक अक्षर आणि तीन आकडे द्यायचे, म्हणजे ‘स्मिथ’ आणि ‘श्मिट’ एकाच कोडखाली सापडतात. आम्ही इंजिनिअर लोक अजून ती शिकतो. आग आणि स्पेलिंग या खऱ्या अडचणी आहेत. त्यांना ‘डेटा अव्हेलेबल नाही’ म्हणा, माझी हरकत नाही.

पण १८५० च्या जनगणनेत दुसराही एक तक्ता होता, गुलामांचा. त्यात मालकाचं नाव असे. त्याखाली माणसं: वय, लिंग, वर्ण, पळून गेलेला आहे का, आंधळा-बहिरा-मुका आहे का. नाव नाही. तेव्हा असे ३२ लाख लोक होते आणि १८६० मध्ये ३९ लाखांवर. दोन्ही वेळी मोजणारा माणूस मालकाच्या दारापर्यंत गेला, त्यानं प्रत्येकाचं वय लिहून घेतलं, आणि अगदी मोजके अपवाद सोडले तर नाव लिहिलं नाही.

मला वाटायचं, त्या काळी कुणाला सुचलं नसेल. तसं नाही. १८५० च्या मसुद्यात गुलामांच्या नावाचा रकाना होता. एका बाईला किती मुलं झाली, हाही प्रश्न होता. सिनेटमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली. दक्षिण कॅरोलिनाचे सिनेटर अँड्र्यू बटलर यांनी नावाऐवजी नुसता क्रमांक ठेवण्याची सूचना मांडली. विरोध झाला, पण दक्षिणेतल्या सिनेटरांचं म्हणणं चाललं. नावं गेली, आयांच्या मुलांचा प्रश्नही गेला.

आमच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी प्रॉडक्शनला जाण्याआधी स्कीमामधून फील्ड डिलीट केलं. मीटिंग घेऊन, मिनिट्स लिहून केलं. असा रिकामा रकाना आणि आगीत जळालेला रकाना स्क्रीनवर सारखेच दिसतात, आणि माझं भांडण नेमकं या सारखेपणाशी आहे.

मेल्व्हिनिया

याच १८५० सालातला दुसरा कागद बघा. दक्षिण कॅरोलिनातल्या डेव्हिड पॅटरसन नावाच्या म्हाताऱ्या जमीनदारानं मृत्युपत्र केलं. चरखे, गुरंढोरं, घरातलं सामान वारसांत वाटलं. त्याच वाटणीत मेल्व्हिनिया नावाची सहा वर्षांची मुलगी होती. १८५२ मध्ये मालमत्तेची किंमत झाली तेव्हा तिच्यासमोर ४७५ डॉलर लिहिले गेले. म्हातारा गेल्यावर ती त्याच्या मुलगी-जावयाकडे, जॉर्जियात शील्ड्स कुटुंबाच्या शेतावर आली. ओळखीची सगळी माणसं मागे राहिली.

पंधराव्या वर्षाच्या आसपास तिला मुलगा झाला, डॉल्फस. बाप गोरा. २०१२ मध्ये वंशजांच्या डीएनए चाचण्यांवरून दाट शक्यता पुढे आली ती मालकाच्याच एका मुलाची. १८७० च्या जनगणनेत मेल्व्हिनिया शील्ड्स पहिल्यांदा नावानिशी दिसते, चार मुलांसह. राहते कुठे? त्याच मालकाच्या मुलाच्या जमिनीला लागून. डॉल्फस पुढे अलाबामातल्या बर्मिंगहॅमला गेला, सुतारकाम करून स्वतःचा धंदा उभा केला. त्याच्या खापरपणतीचं नाव मिशेल ओबामा. आपल्याकडचे नात्याचे शब्द लावले तर आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा डॉल्फसपर्यंत पुरतात. मेल्व्हिनियाशी पोचेपर्यंत शब्दच संपतात.

ही साखळी मेगन स्मोलेन्याक या वंशावळी-संशोधक बाईंनी जुळवली, २००९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापली, आणि त्याच वर्तमानपत्राच्या रेचल स्वार्न्स यांनी २०१२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. अटलांटाच्या दक्षिणेला रेक्स नावाच्या गावात मेल्व्हिनियाचं छोटं स्मारक आहे. मावशी आणि मी एका रविवारी ते बघायला गेलो होतो.

आता विचार करा. १८५० मध्ये देशाच्या जनगणनेत मेल्व्हिनियाच्या नावाला जागा नव्हती, पण मृत्युपत्रात होती. का? वाटणीत वाद होऊ नये म्हणून. कुठली गाय कुणाची हे कळलं पाहिजे, तसं कुठली मुलगी कुणाची हेही कळलं पाहिजे. माणूस म्हणून मोजताना नाव नको होतं. माल म्हणून वाटताना मात्र लागत होतं.

म्हणून गुलामांच्या वंशजांना शोधाचा रस्ताच उलटा धरावा लागतो. स्वतःचा पूर्वज सापडण्यासाठी आधी मालकाचं घराणं शोधायचं. त्याचं मृत्युपत्र, त्याच्या कर्जाचे कागद, त्याच्या मुलीचं लग्न कुणाशी झालं, कारण मुलीबरोबर गुलामही जात. मावशी दर महिन्याला पैसे भरतात आणि आपला पूर्वज दुसऱ्याच्या मालमत्तेच्या यादीत शोधतात. साइटच्या जाहिरातीत मात्र हसरं कुटुंब असतं आणि ‘तुमची गोष्ट एका क्लिकवर’.

मेल्व्हिनिया १९३८ मध्ये वारली. तिच्या मृत्यूच्या दाखल्यात आईवडिलांच्या नावाच्या जागी लिहिलं आहे: माहीत नाही.

ज्यांनी विचारलं, त्यांना उत्तरं मिळाली

‘त्या लोकांकडे नोंदी ठेवायची परंपराच नव्हती हो’ असं मला एका हुशार सहकाऱ्यानं ऐकवलं होतं. आपलाच मराठी मुलगा. त्याला हे उत्तर.

यादवी युद्ध संपत आलं असताना, १८६५ मध्ये, मुक्त झालेल्या लोकांसाठी ‘फ्रीडमन्स बँक’ निघाली. खातं उघडायच्या फॉर्ममध्ये प्रश्न होते: जन्म कुठे, वाढलात कुठे, बायको-नवऱ्याचं नाव, मुलं, आई, वडील, भाऊ, बहिणी, सुरुवातीच्या फॉर्मांत जुन्या मालकाचं नावही. लोकांनी धडाधड सांगितलं. कुठली बहीण कुठल्या राज्यात विकली गेली, आई कुठे सुटली. १८७४ मध्ये बँक बुडाली, हजारो गरिबांचे पैसे गेले, पण रजिस्टरं राहिली. त्यांत साधारण ४ लाख ८० हजार नावं आहेत. त्यांची अनुक्रमणिका कुणी केली माहितीये? युटा राज्याच्या तुरुंगातल्या कैद्यांनी, वर्षानुवर्षं बसून.

वर्तमानपत्रांत जाहिराती असायच्या. न्यू ऑर्लिन्सच्या ‘साउथवेस्टर्न ख्रिश्चन अ‍ॅडव्होकेट’मध्ये १८७७ पासून ‘लॉस्ट फ्रेंड्स’ नावाचं सदर चालायचं. वर्गणीदार नसाल तर पन्नास सेंट. माझ्या आईचं नाव अमुक, आम्हाला तमुक मालकानं विकलं, मी दहा वर्षांचा होतो, कुणाला ठाऊक असेल तर कळवा. चर्चमध्ये या जाहिराती मोठ्यानं वाचल्या जात. युद्धात सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय सैनिक लढले. त्यांच्या विधवांना पेन्शनसाठी लग्न सिद्ध करावं लागे. गुलामांच्या लग्नाला कायदा मानत नव्हता, मग कागद कुठून आणणार? शेजारीपाजारी येऊन साक्ष देत: हो, मी त्या लग्नात होतो, अमक्याच्या शेतावर, कणसं सोलायच्या दिवसांत झालं होतं. या साक्षींच्या फायली वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

लोकांच्या तोंडी सगळं होतं. विचारणाऱ्यानं रकाना ठेवला तेव्हा तो भरला.

आजोबा म्हणजे कायदा

‘पूर्वज शोधून मिळतं काय? पुढे बघा ना,’ हा दुसरा आक्षेप. मी स्वतः हे म्हणायचो. मग एक दिवस आमच्याच कोडमध्ये एका फ्लॅगचं नाव दिसलं: ‘ग्रँडफादर्ड’. म्हणजे जुना ग्राहक, याला नवे नियम लावू नका. हा शब्द आला कुठून?

१८९८ मध्ये लुईझियाना राज्यानं नवी घटना केली. मत द्यायचं तर लिहिता-वाचता यायला हवं किंवा मालमत्ता हवी. पण गोऱ्यांमध्येही अडाणी आणि गरीब होतेच. त्यांच्यासाठी पळवाट ठेवली: तुम्ही, तुमचे वडील किंवा आजोबा १८६७ च्या १ जानेवारीला मतदार असाल तर या अटी माफ. तारीख नीट निवडलेली होती. त्या दिवशी राज्यातल्या कृष्णवर्णीयांना मताधिकार नव्हता. तिथे १८९६ मध्ये १ लाख ३० हजारांवर कृष्णवर्णीय मतदार होते. या साऱ्या अटींनंतर १९०० मध्ये पाच हजारांच्या आसपास उरले. अशी आजोबा-कलमं सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली ती १९१५ मध्ये.

म्हणजे ज्यांच्या आजोबांचं नाव सरकारनंच लिहू दिलं नव्हतं, त्यांना त्याच सरकारनं विचारलं: तुमचे आजोबा कोण? पूर्वज हा फावल्या वेळचा छंद ज्यांना वाटतो, त्यांचे आजोबा सरकारदरबारी आधीच जमा असतात.

मग गोष्ट रचायची का?

इथे मावशींशी माझं अजून भांडण आहे. त्यांचं म्हणणं, कागद त्यांनी ठेवला नाही, मग मी मनानं जागा भरली तर बिघडलं काय? अ‍ॅलेक्स हेली यांनी १९७६ मध्ये ‘रूट्स’ लिहिलं, गॅम्बियातल्या कुंटा किंटेपर्यंत आपलं घराणं नेलं, सगळी अमेरिका टीव्हीसमोर बसून रडली. पुढे गॅरी आणि एलिझाबेथ मिल्स या अभ्यासक दांपत्यानं कागद तपासले. ज्या टोबीला हेली कुंटा किंटे म्हणत होते, तो त्या जहाजाच्या १७६७ च्या आगमनाआधीच व्हर्जिनियातल्या कागदांत हजर होता.

‘रूट्स’नं लाखो लोकांना शोधायला लावलं, हे ऋण मोठं आहे. हेही खरं की गोऱ्यांनी काही कमी थापा मारलेल्या नाहीत. गुस्ताव्ह आंजू नावाचा ठग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला श्रीमंत अमेरिकनांना बनावट वंशावळी विकत होता आणि लोक त्या फ्रेम करून लावत होते. पण तरीही माझं उत्तर ‘नको’ हेच आहे. त्या रिकाम्या जागेत लोहार बसवला की बटलर यांनी काय केलं ते दिसेनासं होतं. खोटा पूर्वज पहिला फायदा करून देतो तो रकाना खोडणाऱ्याचा.

म्हणून माझ्या मागण्या. माझ्याच धंद्यातल्या लोकांना: वंशवृक्षात रिकामी चौकट दाखवता ना, मग ती का रिकामी आहे तेही दाखवा. जळाली, हरवली, की विचारलंच नाही? ही तीन उत्तरं वेगळी आहेत, त्यांना एकच ‘अननोन’ लावू नका. हिंट देताना ती खरी असण्याची शक्यता किती, हेही शेजारी लिहा. हिरवं बटण थोडं कमी हिरवं करा. आणि ज्यांच्या माळ्यावर खापरपणजोबाच्या शेताच्या वह्या पडल्या आहेत, त्या गोऱ्या कुटुंबांना: ती तुमची खासगी आठवण नाही. त्यात दुसऱ्यांच्या आया आहेत. वह्या अभिलेखागारात द्या.

आणि आपण

१८७० मध्ये जॉर्जियात मेल्व्हिनियाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं, त्यानंतर तीनच वर्षांनी पुण्यात जोतिराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि ते गुलामी संपवणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं. हा प्रश्न आपलाही आहे, हे त्यांना दीडशे वर्षांपूर्वी दिसलं होतं.

परत आल्यावर मी आईबाबांबरोबर नाशिकला गेलो. तीर्थोपाध्यायांच्या वहीत आमची सात पिढ्यांची नावं निघाली, सह्यांसकट. दहा मिनिटंही लागली नाहीत. बाबांनी फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, ‘अभिमान’ वगैरे लिहून. अटलांटाला जायच्या आधी मीही तेच लिहिलं असतं. पण याच गावात १९३० साली काळाराम मंदिरात जाऊ द्या म्हणून लोकांना सत्याग्रह करावा लागला. त्यांच्या खापरपणजोबांची नावं कुठल्या वहीत शोधायची? सात पिढ्या सापडल्या यात माझं किंवा पूर्वजांचं काय कर्तृत्व? आम्हाला आत घेतलं होतं, एवढंच.

मावशींशी अजून बोलणं होतं. लोहार त्यांनी काढून टाकला. गेल्या महिन्यात त्यांनी नव्या वंशवृक्षाचा स्क्रीनशॉट पाठवला. १८६० च्या तक्त्यातला तो एका ठरावीक मालकाकडचा असावा, असा त्यांचा अंदाज आहे, पुरावा अजून नाही. साइटनं त्या चौकटीत आपोआप ‘अज्ञात’ घातलं होतं. मावशींनी ते पुसून टाइप केलंय: ‘पुरुष, वय ३०. नाव होतं. विचारलं नाही.’